मासा गुलाबीच का हवा?

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका माशाने धुमाकूळ घातला आहे. मासा इथला नाही, सामन. न्यू जर्सीच्या माझ्या धाकट्या जावेने एक व्हिडिओ पाठवला : 'पाळलेला सामन रंगवलेला असतो, खाऊ नका.' त्यावर अठरा जणांनी डोळे वटारलेले चेहरे पाठवले. मग एका पुतणीने उतारा पाठवला : समुद्री सूक्ष्मजीवांपासून काढलेला 'नैसर्गिक' रंग खाऊ घातलेला सामन आता मिळतो, तो घ्या. त्याच रंगाच्या कॅप्सूलही मिळतात, त्वचा तजेलदार होते म्हणे! झालं. निम्मं घर 'विषारी रंग' पक्षात, निम्मं 'नैसर्गिक रंग' पक्षात.

मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. ग्रुपवर लांब लिहिलं की कोणी वाचत नाही (अंगठा मात्र दाखवतात), म्हणून इथे लिहिते. नेहमी येणाऱ्या ब्लॉगकर मित्रमंडळींनी हे घरगुती भांडण समजून वाचावं.

मी विज्ञानाची नव्हे. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. पण मासे जन्मापासून ओळखीचे, रत्नागिरीत वाढले म्हणून. आणि अडलं की विचारायला भाची आहे, मायक्रोबायॉलॉजीतली एम. एस्सी. तिने मला जितकं समजावलं तितकंच लिहिते आहे.

पहिली गोष्ट. सामनचं मांस गुलाबी असतं ते त्याच्या स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे. तो रंग अ‍ॅस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा. प्राण्याला ते शून्यातून तयार करता येत नाही, खाऊनच मिळवावं लागतं. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव ते तयार करतात, त्यांना बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्यांना सामन खातो. कोळंबी कढईत पडली की राखाडीची केशरी होते, ते हेच द्रव्य. कच्चेपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं म्हणून दिसत नाही; आच लागली की सुटतं. म्हणजे रोज फोडणीत बघतो ती गोष्ट.

ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचंही असंच. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, आणि प्राणिसंग्रहालयात ठेवले तर त्यांच्याही खाण्यात रंगद्रव्य घालावं लागतं, नाहीतर ते पांढुरके पडतात. आणि लोणार आठवतं ना? जून २०२० मध्ये अख्खं सरोवर गुलाबी झालं, लोक म्हणाले चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव हे कारण सांगितलं. लोणार काही समुद्र नव्हे, पण खाऱ्या पाण्यातले हे अदृश्य रंगारी काय करू शकतात ते तिथे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आता नॉर्वेच्या किंवा चिलीच्या पिंजऱ्यातला सामन बघा. तो समुद्रातच असतो, पण जाळ्याच्या आत. त्याच्या तोंडात पडते ती गोळी. गोळीत अ‍ॅस्टाझँथिन नसेल तर मांस करडं-पांढरं राहणार. म्हणून ते घालतात. व्हिडिओतल्यासारखं कोणी ब्रश घेऊन मासा रंगवत नाही, सुईही टोचत नाही. आणि हे द्रव्य नुसती शोभाही नव्हे. सामनच्या पिल्लांना वाढायला आणि तगायला ते थोडं लागतंच, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं आहे. तेव्हा 'रंग म्हणजे भेसळ' ही आरोळी मला पटत नाही. दुधात पाणी घालणं वेगळं आणि गाईला हिरवा चारा घालणं वेगळं.

याच्या भावंडाची, कँथाझँथिनची, गोष्ट मात्र खरी आहे. उन्हात न जाता कातडी रापलेली दिसावी म्हणून युरोप-अमेरिकेत लोकांनी त्याच्या गोळ्या खाल्ल्या आणि काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर कण साचले. (आपल्याकडे गोरं व्हायला मलमं, तिकडे काळं व्हायला गोळ्या. असो.) युरोपीय संघाने २००३ मध्ये सामनच्या खाद्यातली त्याची मर्यादा किलोमागे २५ मिलिग्रॅमवर आणली. त्याच वर्षी अमेरिकेत मोठ्या किराणा साखळ्यांवर खटले भरले गेले, की पाळलेल्या सामनला रंग खाऊ घातलाय हे पाकिटावर सांगत नाही. ते प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ मध्ये न्यायालयाने ग्राहकांना दावा लावता येईल असं सांगितलं. चांगलं झालं. खाणाऱ्याला कळलंच पाहिजे.

पण खरी गंमत पुढे आहे. सामन किती गुलाबी हवा हे ठरवायला एक पंखा मिळतो. रंगाच्या दुकानात भिंतीच्या छटांचा असतो ना, अगदी तसा. नाव 'साल्मोफॅन', छटांना आकडे २० ते ३४. स्विस औषध कंपनी रोशने काढला. तिचा हा सगळा विभाग २००३ मध्ये डच डीएसएमकडे गेला. म्हणजे रंग विकणारीच पट्टी वाटणार आणि दुकानदार त्या पट्टीवर माशाला मार्क देणार! अंड्याच्या बलकासाठीही असाच पंखा आहे. गडद गुलाबीला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण पेपर काढणाऱ्यानेच उत्तरं विकावीत असं कुठे पाहिलं नव्हतं.

हा रंग आजही बहुतेक करून कारखान्यात, खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांतून तयार होतो. रेणू तोच, पण त्याच्या तीन घडणी असतात आणि कारखान्याच्या मालात तिन्ही १:२:१ अशा मिसळलेल्या येतात. त्यावरून प्रयोगशाळेत पाळलेला मासा आणि मोकळा मासा वेगळा ओळखता येतो.

याला पर्याय म्हणून सूक्ष्मजीव पुढे आले. हेमॅटोकॉकस नावाचं गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ आहे. त्याला उपाशी ठेवलं आणि प्रखर उजेडात उभं केलं की ते लाल होऊन गोळा होतं (आमच्या वेळच्या शाळेत मुलांचं हेच व्हायचं). फाफिया नावाचं यीस्ट आहे, ते जपान आणि अलास्कातल्या झाडांच्या पाझरात सापडलं. पॅराकॉकस हा जिवाणू आहे, त्याच्यापासून केलेल्या रंगाला युरोपात २००८ मध्ये परवानगी मिळाली. आणि समुद्रातले म्हणाल तर थ्रॉस्टोकायट्रिड नावाचं एक कुटुंब आहे. शेवाळ नव्हे, बुरशीही नव्हे, एकपेशी जीव. खाऱ्या पाण्यात कुजणाऱ्या पानांवर राहतात. त्यांतल्या एका गणाचं नाव ऑरँटिओकायट्रियम, नावातच नारिंगी रंग आहे. भाची म्हणाली, "मावशी, हे तुझ्या घरामागच्या कांदळवनातही असणार, तिवराच्या कुजक्या पानांवर." गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शेषगिरी रघुकुमार यांनी याच जीवांवर वर्षानुवर्षं काम केलं. आपल्या शेजारी एवढं झालं आणि आपल्याला ठाऊक नाही!

या नारिंगी जीवांकडे दोन वस्तू आहेत. एक रंग. दुसरी तेल. तेल म्हणजे ते ओमेगा-३, ज्यासाठी डॉक्टर 'मासे खा' सांगतात. त्यातलं डीएचए हेही मासा स्वतः फारसं तयार करत नाही. तेसुद्धा समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचं, तसंच एकातून दुसऱ्याच्या पोटात जात माशात येतं. रंग आणि तेल, दोन्हीचं माहेर एकच.

माझं भांडण इथून सुरू होतं. स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं की स्कॉटलंडच्या पाळीव सामनमधलं हे ओमेगा-३ तेल २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आलं. कारण उघड आहे. खाद्यातलं माशाचं तेल कमी करून तिथे मोहरीच्या जातीचं तेल आणि सोयाबीन आलं. २००६ साली एक तुकडा खाऊन जे मिळायचं त्याला २०१५ साली दोन तुकडे लागायला लागले. आणि रंग? रंग पट्टीवर जिथल्या तिथे! आतलं सत्त्व अर्धं झालं आणि कोणाला पत्ता लागला नाही, कारण डोळ्याला हवी ती छटा डोळ्याला मिळत होती. कोणी म्हणेल सत्त्व काही डोळ्याला दिसत नाही. बरोबर, म्हणूनच तर रंगावर इतका खर्च.

माझ्या जावेला या रंगाचा राग आला, पुतणीला त्याच रंगाचं नैसर्गिक रूप आवडलं. दोघी पट्टीकडेच बघताहेत. कारखान्यातला रंग काढून सूक्ष्मजीवांचा घातला तर माशाला काय फरक पडला? कंपनीला 'नैसर्गिक' हा शब्द मिळाला आणि भाव वाढवता आला. गोळीतलं बाकीचं तसंच राहिलं.

बाकीचं म्हणजे काय ते आता सांगते. नॉर्वेत १९९० मध्ये सामनच्या खाद्यात सुमारे ६५ टक्के माशाचं पीठ आणि २४ टक्के माशाचं तेल असायचं. २०१३ पर्यंत पीठ १८ टक्के आणि तेल ११ टक्क्यांवर आलं. स्टाव्हांगरला राहणाऱ्या भाच्याने हे आकडे मोठ्या अभिमानाने पाठवले. "मावशी, बघ किती सुधारणा!" सुधारणा आहेच, नाही म्हणत नाही. पण बाळा, त्याच काळात नॉर्वेचा सामन दीड लाख टनांच्या घरातून साडेअकरा लाखांच्या वर गेला. जवळजवळ आठपट. खाद्य त्याच प्रमाणात लागलं असं धरून हिशेब कर : तेलाचा वाटा निम्म्याहून कमी झाला, तरी एकूण तेल साडेतीनपट लागलं. टक्का उतरला, ताट वाढलं. (टक्केवारीचं हे गणित सातवीच्या मुलालाही येतं.)

हे तेल येतं कुठून? पेरूच्या अँचोवीतून येतं. तो धंदा एकदा १९७२ च्या एल निनोनंतर कोसळून झाला आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येतं, तिथल्या गरिबांच्या ताटातल्या सार्डिनेलातून. अंटार्क्टिकच्या क्रिलमधून येतं. आणि यावर ठरलेलं उत्तर असतं, की 'ती मासळी कोण खातं? वाया गेली असती.' २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने १९५० ते २०१० चे आकडे तपासले. पीठ-तेलासाठी जाणाऱ्या मासळीतली सुमारे ९० टक्के माणसाला खाण्याजोगी होती.

आम्हाला हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. तारली! तिरफळं घातलेलं तारलीचं तिखलं आणि गरम भात, यापुढे तुमचा सामन पाणी भरेल. माझ्या लहानपणी तारली इतकी यायची की माडांच्या मुळाशी खत म्हणून घालत. श्रीमंत घरं तिला नाकं मुरडायची, काट्यांची म्हणून. सुरमई-पापलेट परवडत नाही त्याच्यासाठी तारली आणि बांगडा. आता त्याच तारलीचे ट्रक रस्त्यावर पाणी गाळत मिलकडे जाताना बघते. कोणती मिल ते लिहीत नाही, किनाऱ्यावर गुजरातपासून केरळपर्यंत अशा पुष्कळ आहेत.

केरळचे आकडे ऐका. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मोजलेले आहेत. २०१२ मध्ये केरळात जवळजवळ ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. पुन्हा वाचा, लाख नव्हे, हजार. याचं सगळं पाप मिलवाल्यांच्या माथी मारणार नाही. समुद्राचं पाणी तापतं, तारली त्याला फार हळवी, तिचं प्रमाण खालीवर होतच असतं. पण वाढू न दिलेली बोटाएवढी तारली ओरबाडायची आणि ती दळून टाकायची, याला समुद्र जबाबदार नाही. बाजारात एवढीशी तारली कोणी घेणार नाही. मिल घेते. म्हणून ती पकडली जाते.

'आपल्याकडे कुठे सामन पाळतात?' असं धाकट्या दिरांनी विचारलंय. नाही पाळत. (आणि मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सामन' म्हणून जो येतो तो आपला रावस, त्याचा सामनशी काडीचा संबंध नाही.) पण २००९ पासून आपल्याकडे वेनामी कोळंबी पाळायला परवानगी आहे, आंध्रात तिची तळीच्या तळी आहेत, तिच्या खाद्यात मासळीचं पीठ असतं आणि तिचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची तारली दळून, आंध्राच्या कोळंबीच्या पोटातून, न्यू जर्सीला जावेच्या फ्रीजरमध्ये! त्या कोळंबीचाही उकडल्यावरचा लाल रंग बघूनच भाव ठरतो. हा विषय परका वाटत असेल त्यांनी हा प्रवास नकाशावर बोटाने करून पाहावा.

म्हणून म्हणते, सूक्ष्मजीव पोसायचेच असतील तर आधी तेलासाठी पोसा. हे होत नाही असं नाही. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर या गावी २०१९ मध्ये डीएसएम आणि जर्मन एव्होनिक यांनी मिळून मोठा कारखाना सुरू केला. तिथे शायझोकायट्रियम हा त्याच थ्रॉस्टोकायट्रिड कुटुंबातला समुद्री जीव पोलादी टाक्यांत, अंधारात, बिअरसारखा आंबवून वाढवतात आणि त्याचं तेल सामनच्या खाद्यासाठी काढतात. जगातल्या सामनला लागणाऱ्या या तेलापैकी १५ टक्के आपण पुरवू शकतो असा त्यांचा दावा होता. हो, हीच ती पट्टीवाली डीएसएम. जिथे श्रेय आहे तिथे द्यायला मला काही वाटत नाही. एकाच कंपनीच्या एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात उपाय आहे, आणि आपण टाळ्या पहिल्या हातासाठी वाजवतोय.

भाचा म्हणतो, "ते तेल महाग पडतं, मावशी." पडत असेल. पण रंगही महागच आहे! खाद्याच्या खर्चातला चांगला वाटा एकटा रंग खातो. त्यातला थोडाच भाग मांसात उतरतो. पाळलेल्या सामनच्या एक किलो मांसात सारे सहा-आठ मिलिग्रॅम. एवढ्यासाठी पैसे आहेत, कारण गिऱ्हाईक पट्टी बघतं. गिऱ्हाईकाने तेल विचारलं तर तेलासाठीही निघतील. जावेने पाकिटाचा फोटो पाठवला, त्यावर रंग घातल्याचं ठळक लिहिलंय. तेल कुठल्या माशाचं, किती, याबद्दल अक्षर नाही. तिने दुकानाला रंगाबद्दल पत्र लिहायचं ठरवलंच आहे, तर त्यात हा प्रश्न घालावा, आणि रंगाचा परिच्छेद काढून टाकला तरी चालेल. पुतणीनेही 'नैसर्गिक'वाल्यांना हेच विचारावं : रंग सूक्ष्मजीवांचा झाला, तेल कधी होणार? आणि मासा थोडा फिका मिळाला तर नाक मुरडू नये. फिका मासा खाऊन कोणी आजारी पडलेलं नाही.

एक अडचण उरतेच, ती लपवत नाही. टाकीतले हे जीव उजेडावर जगत नाहीत, त्यांना साखर लागते. नेब्रास्कात ती मक्याची. म्हणजे समुद्र वाचवायला शेत आलंच. याच्यावर भाचीकडे उत्तर होतं : बायोडिझेल काढल्यावर उरणाऱ्या ग्लिसरीनवर आणि उसाच्या मळीवर हे जीव वाढवण्याचे प्रयोग झालेले आहेत. मळी म्हटल्यावर मी ताठ बसले. मळी आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, घाटावर साखर कारखान्यांची रांग आहे आणि त्या मळीची दारू आणि इथेनॉल करण्यात आपण तरबेज आहोत. उसाच्या पाण्याचा प्रश्न आहे तो आहेच. पण मळी तर आजही निघतेच आहे. खाली किनाऱ्याला तिवराच्या पानांवर जीव आहेत, शंभर-दीडशे किलोमीटरवर वर घाटावर त्यांचं खाणं आहे, आणि जीवांचा अभ्यास केलेली संस्था गोव्यात. हे तिघं एकत्र यायच्या आत कांदळवनं मात्र तोडली जाऊ नयेत. त्यांच्याच जागी कोळंबीची तळी खणायची टूम आमच्या खाड्यांमध्येही येऊन गेली आहे.